विजयदुर्ग आणि हेलियमचा शोध : एका लोकप्रिय दाव्याची ऐतिहासिक चिकित्सा

प्रस्तावना

विजयदुर्ग हा किल्ला आज सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवगड तालुक्यात मोडत असला, तरी १ मे १९८१ रोजी जिल्ह्याचे विभाजन होईपर्यंत तो रत्नागिरी जिल्ह्याचाच भाग होता. वाघोटन खाडीच्या मुखाशी उभा असलेला हा जलदुर्ग शिलाहार, आदिलशाही, मराठे, आंग्रे आणि इंग्रज अशा अनेक सत्तांचा साक्षीदार आहे. मराठा आरमाराच्या इतिहासात त्याचे स्थान निर्विवाद आहे. गेल्या काही दशकांत मात्र या किल्ल्याशी एक निराळीच ख्याती जोडली गेली आहे. हेलियम या मूलद्रव्याचा शोध विजयदुर्गावर लागला, अशी ही ख्याती होय. १८ ऑगस्ट १८६८ रोजी झालेल्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने किल्ल्यावर दुर्बिणी उभारल्या, सूर्याच्या कडेवरील ज्वाळांत त्याला पिवळी रेषा दिसली आणि हेलियमचा जन्म झाला, असे वृत्तपत्रांतील लेख, पर्यटनविषयक पुस्तिका आणि स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शके सांगतात. किल्ल्यावरील 'साहेबाचे कट्टे' या नावाने ओळखले जाणारे चौथरे पुरावा म्हणून दाखविले जातात. १८ ऑगस्ट हा दिवस तेथे हेलियम दिन म्हणून साजराही होतो.

प्रस्तुत लेखात या दाव्याची उपलब्ध साधनांच्या आधारे तपासणी केली आहे. दावा खरा की खोटा, एवढाच प्रश्न येथे अभिप्रेत नाही. ज्या गोष्टीला तारीख, व्यक्ती, स्थळ आणि भौतिक अवशेष असे चारही आधार आहेत असे वाटते, ती गोष्ट तरीही चुकीची कशी असू शकते, हा इतिहासाच्या अध्यापकाला अधिक महत्त्वाचा वाटावा असा प्रश्न आहे.

१८६८ चे ग्रहण आणि निरीक्षकांची केंद्रे

१८ ऑगस्ट १८६८ म्हणजे श्रावणातील अमावास्या. त्या दिवशीच्या ग्रहणाचा खग्रास पट्टा एडनवरून अरबी समुद्र ओलांडून कोकण किनाऱ्याला लागला आणि दख्खनमधून कृष्णेच्या खोऱ्याने मच्छलीपट्टणपर्यंत जाऊन पुढे सयामकडे गेला. खग्रास अवस्था असाधारण दीर्घ होती. भारतात काही ठिकाणी ती पाच मिनिटांहूनही अधिक काळ टिकली. वर्णपटदर्शक हे नवे साधन शास्त्रज्ञांच्या हाती आल्यानंतरचे हे पहिलेच मोठे ग्रहण होते. सूर्याच्या कडेवर ग्रहणकाळी दिसणाऱ्या तांबड्या ज्वाळा वायूच्या आहेत की आणखी कशाच्या, याचा उलगडा त्या दिवशी व्हावयाचा होता.

या कामासाठी निघालेल्या पथकांची केंद्रे प्रकाशित अहवालांवरून ज्ञात आहेत. फ्रेंच शास्त्रज्ञ पियरे जान्सेन आणि मेजर जेम्स टेनंट हे दोघेही गुंटूरला होते. रॉयल सोसायटीच्या वतीने लेफ्टनंट जॉन हर्शेल जमखंडीला गेले होते. कॅप्टन हेग विजापूरला, तर जर्मन निरीक्षकांचे एक पथक विजापूरच्याच परिसरातील मुलवाडला होते. मद्रास वेधशाळेचे प्रमुख नॉर्मन पॉगसन यांनी मच्छलीपट्टण गाठले आणि त्यांचे सहायक चिंतामणी रघुनाथाचारी यांनी वनपर्ती येथून वेध घेतले. रघुनाथाचारींनी त्याआधीच्याच वर्षी, म्हणजे १८६७ मध्ये, एका रूपविकारी ताऱ्याचा शोध लावला होता. आधुनिक भारतीय ज्योतिर्विदांच्या पहिल्या पिढीत त्यांची गणना करावी लागते.

या नामावलीत विजयदुर्ग नाही, आणि नसणे हे स्वाभाविकही आहे. कोकणातील वाचकाला यासाठी ग्रंथांचे दाखले देण्याची खरे तर गरज नाही. श्रावण अमावास्येच्या सुमारास कोकण किनाऱ्यावरील आभाळ कसे असते, हे येथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण केल्यानंतर होड्या पाण्यात उतरू लागतात आणि तरीही भाद्रपदापर्यंत किनाऱ्यावरची वाहतूक भरवशाची नसते. नाजूक काचेची उपकरणे घेऊन, पाच-सहा मिनिटांच्या वेधासाठी, ऐन पावसाळ्यात सह्याद्रीच्या पश्चिमेला तळ ठोकण्याचा निर्णय कोणी जाणत्या ज्योतिर्विदाने घेतला असता, हे संभवत नाही. निरीक्षकांनी जी ठिकाणे निवडली ती बहुतेक पर्जन्यछायेच्या प्रदेशातील वा पूर्व किनाऱ्यावरील आहेत. तेथेही ढगांनी काहींना त्रास दिलाच.

येथे एक गोष्ट नोंदविणे न्याय्य ठरेल. विजयदुर्ग हे गाव १८६८ च्या खग्रास पट्ट्यात येत होते. म्हणजे भूगोलाच्या दृष्टीने हा दावा अशक्य कोटीतील नाही. दंतकथा टिकते ती बहुधा अशाच अर्धसत्याच्या आधारावर.

लॉकियर त्या दिवशी कोठे होते?

जोसेफ नॉर्मन लॉकियर यांचा जन्म १८३६ मधील. १८६८ साली ते लंडनच्या युद्धखात्यात कारकून होते. खगोलशास्त्र हा त्यांचा फावल्या वेळेतील व्यासंग होता आणि घराच्या आवारात त्यांची छोटी वेधशाळा होती. 'नेचर' हे नियतकालिक त्यांनी १८६९ मध्ये सुरू केले, सरकारी सौर-भौतिकी वेधशाळेचे ते पुढे संचालक झाले आणि 'सर' ही पदवी त्यांना १८९७ मध्ये मिळाली. १८६८ च्या ऑगस्टमध्ये ते भारतात आले नव्हते. ते इंग्लंडमध्येच होते.

लॉकियर यांची कल्पना मुळातच अशी होती की, सौरज्वाला पाहण्यासाठी ग्रहणाची वाट पाहण्याचे कारण नाही. सूर्यप्रकाश वर्णपटदर्शकातून पुरेसा पसरविला, तर आकाशाचा झगमगाट फिका पडतो आणि ज्वाळांच्या तेजस्वी रेषा मात्र तशाच उठून दिसतात. यासाठी त्यांनी मागविलेले शक्तिशाली उपकरण कारागिराकडून मिळण्यास फार विलंब झाला. ते हाती आले १८६८ च्या ऑक्टोबरच्या मध्यास, म्हणजे ग्रहणानंतर सुमारे दोन महिन्यांनी. २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्यांनी लंडनमध्ये, कोणतेही ग्रहण नसताना, सौरज्वालांच्या रेषा पाहिल्या. त्यांपैकी एक तांबडी 'सी' रेषेशी आणि एक निळसर 'एफ' रेषेजवळ होती, म्हणजे दोन्ही हायड्रोजनच्या. तिसरी पिवळ्या भागात, सोडियमच्या 'डी' रेषांच्या जवळ, परंतु त्यांच्याशी न जुळणारी होती.

हीच ती पुढे 'डी-३' म्हणून प्रसिद्ध झालेली रेषा. आजच्या मापनानुसार सोडियमच्या दोन रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर, तर ही तिसरी ५८७.६ वर येते. फरक दीड-दोन नॅनोमीटरचा. शोधाचे सारे मर्म या एवढ्याशा अंतरात आहे. पिवळी रेषा दिसणे म्हणजे हेलियम सापडणे नव्हे. पिवळी रेषा सोडियमची नाही, हे सिद्ध होणे हा शोध आहे.

या दृष्टीने पाहिले असता १८ ऑगस्टच्या निरीक्षकांचे स्थान नीट ध्यानात येते. त्यांच्यापैकी अनेकांना पिवळ्या वा नारिंगी भागातील रेषा दिसली होती. टेनंट यांनी ती 'डी' रेषाच मानली. पॉगसन यांनी मात्र ती 'डी' शी अथवा तिच्या जवळ असल्याची सावध नोंद केली. त्यांचा अहवाल मद्रासमध्येच छापला गेला आणि युरोपातील विद्वानांपर्यंत फारसा पोहोचला नाही. जान्सेन यांचे खरे यश वेगळे होते. ग्रहणकाळी ज्वाळांच्या रेषा इतक्या तेजस्वी दिसल्या की त्या ग्रहणाशिवायही दिसतील, असे त्यांच्या मनाने घेतले आणि दुसऱ्याच दिवशी गुंटूरच्या स्वच्छ उन्हात त्यांनी ते करून दाखविले. म्हणजे लॉकियर यांना लंडनमध्ये जी युक्ती साधली, ती जान्सेन यांना दोन महिने आधी भारतात साधली होती. जान्सेन यांचे पत्र आणि लॉकियर यांचे वृत्त पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी, २६ ऑक्टोबर १८६८ रोजी, वाचले गेले. या योगायोगाची स्मृती म्हणून फ्रेंच सरकारने १८७२ मध्ये दोघांच्या प्रतिमा असलेले पदक पाडले.

हे पदक ग्रहणाशिवाय सौरज्वाला पाहण्याच्या पद्धतीबद्दलचे होते. हेलियमशी त्याचा थेट संबंध नव्हता. परंतु पुढील काळात दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्या जाऊ लागल्या आणि 'जान्सेन यांनी १८ ऑगस्ट १८६८ रोजी गुंटूर येथे हेलियम शोधले' हे विधान जगभरच्या ज्ञानकोशांत रूढ झाले. बिमन नाथ यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथात मूळ अहवाल तपासून या विधानातील चूक दाखवून दिली आहे आणि पॉगसन यांच्या उपेक्षित नोंदीकडे लक्ष वेधले आहे. तेव्हा चूक केवळ कोकणातील हौशी लेखकांची आहे, असे मानण्याचे कारण नाही. विजयदुर्गाची आख्यायिका ही एका मोठ्या, जागतिक चुकीची स्थानिक आवृत्ती आहे.

'हेलियम' हे नावही १८६८ मधील नाही. लॉकियर यांनी रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांच्यासह प्रयोगशाळेत हायड्रोजनपासून ही रेषा मिळते का, हे तपासून पाहिले. ती मिळाली नाही. सूर्यवाचक ग्रीक शब्दावरून घेतलेले हे नाव १८७१ मध्ये विल्यम थॉमसन यांच्या ब्रिटिश असोसिएशनपुढील अध्यक्षीय भाषणातून सार्वजनिक झाले. तरीही पुढील दोन तपे अनेक रसायनशास्त्रज्ञ त्याकडे संशयानेच पाहत होते. १८९५ मध्ये विल्यम रॅम्से यांना क्लेव्हाइट या युरेनियमयुक्त खनिजातून निघालेल्या वायूत तीच पिवळी रेषा आढळली आणि हेलियम पृथ्वीवरही आहे हे सिद्ध झाले. लॉकियर एका दिवसात जगप्रसिद्ध झाले, असे म्हटले तरी चालेल.

१८९५ हे साल लक्षात ठेवावयास हवे. पुढील घटनांचे कोडे त्यातून उलगडते.

२२ जानेवारी १८९८ : लॉकियर विजयदुर्गावर

लॉकियर भारतात आले होते का? निश्चितच आले होते. १२ डिसेंबर १८७१ च्या खग्रास ग्रहणासाठी ब्रिटिश मोहिमेचे प्रमुख म्हणून ते प्रथम भारतात आले आणि त्यांनी मलबार किनाऱ्यावरील बेकल येथून वेध घेतले. बेकल येथेही समुद्रालगत एक भव्य किल्ला आहे, हा योगायोग मौजेचा म्हणावा लागेल.

त्यानंतर २२ जानेवारी १८९८ रोजी, पौष अमावास्येस, पुन्हा एक खग्रास ग्रहण झाले. त्याचा पट्टा तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्याला लागून ईशान्येकडे, सोलापूर, वऱ्हाड, मध्य प्रांत या मार्गाने बक्सरकडे गेला. या ग्रहणासाठी लॉकियर यांनी निवडलेले केंद्र म्हणजे विजयदुर्ग. इंग्रजी अहवालात त्याचे नाव 'विझियाद्रुग' असे छापले आहे. निवडीमागे एक व्यावहारिक कारण होते. १८९६ मध्ये नॉर्वेतील ग्रहणाच्या वेळी त्यांनी युद्धनौकेवरील खलाशांना निरीक्षणाचे शिक्षण देऊन मनुष्यबळ उभे करण्याचा प्रयोग केला होता. ढगांनी तो फसला. भारतात तोच प्रयोग पुन्हा करावयाचा, तर युद्धनौका नांगरता येईल असे, पट्ट्यातील बंदर हवे. 'मेल्पोमिनी' ही ब्रिटिश नौका विजयदुर्गाच्या बंदरात आली. कॅप्टन चिझम-बॅटन यांच्या हाताखालील अधिकारी आणि खलाशी मोठ्या संख्येने या कामात सामील झाले. कोणी किरीटाची रेखाटने करावयाची, कोणी वेळ पुकारावयाची, कोणी कॅमेऱ्याच्या काचा बदलावयाच्या, अशी कामे वाटून तालमी घेण्यात आल्या. लॉकियर यांचे चिरंजीव विल्यम आणि सहकारी आल्फ्रेड फाउलर यांच्याकडे लोलकयुक्त कॅमेऱ्यांचे काम होते. आकाश निरभ्र होते. सुमारे दोन मिनिटांच्या खग्रास अवस्थेत वर्णगोलाच्या वर्णपटाची उत्तम छायाचित्रे मिळाली आणि त्यांचा सविस्तर अहवाल रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केला.

'साहेबाचे कट्टे' हे या मोहिमेचे अवशेष मानणे सर्व दृष्टींनी सयुक्तिक आहे. साहेब खरा आहे, कट्टे खरे आहेत, ग्रहण खरे आहे, किल्लाही खरा आहे. चुकले आहे ते केवळ साल, आणि सालाबरोबर शोध.

स्मृतीची ही गल्लत कशी झाली असावी, याचे अनुमान करणे कठीण नाही. पृथ्वीवरील एखाद्या ठिकाणी खग्रास सूर्यग्रहण सरासरी पावणेचारशे वर्षांतून एकदा दिसते. विजयदुर्गच्या माथ्यावर मात्र साडेएकोणतीस वर्षांत दोनदा खग्रास छाया पडली. पहिल्या ग्रहणात गावाने भरदिवसा काळोख पाहिला असेल, पण साहेब नव्हता. दुसऱ्या ग्रहणात काळोखही होता आणि साहेबही होता. तो साहेब आला तेव्हा हेलियम पृथ्वीवर सापडून जेमतेम तीन वर्षे झाली होती आणि 'हेलियमचा शोधक' हीच त्याची जगभर ओळख होती. हेलियमवाला साहेब किल्ल्यावर येऊन सूर्य पाहून गेला, ही १८९८ ची सत्य घटना. पुढे कोणा सुशिक्षित लेखकाने ज्ञानकोशात हेलियमच्या शोधाची तारीख पाहिली असावी, ती १८ ऑगस्ट १८६८ निघाली, 'ग्रहण' हा शब्दही तेथे होताच, आणि गावच्या आठवणीला ती तारीख चिकटविली गेली. निरक्षरांच्या परंपरेने ही चूक केलेली दिसत नाही. 'साहेबाचे कट्टे' हे लोकांनी दिलेले नाव अगदी अचूक आहे आणि त्यात कोणतेही साल नाही. साल घातले ते पुस्तके वाचणाऱ्यांनी.

त्या वर्षीचा रत्नागिरी जिल्हा

या ग्रहणाकडे केवळ विज्ञानाचा इतिहास म्हणून पाहिल्यास बरेच काही निसटते. १८९६ च्या अखेरीस मुंबईत सुरू झालेली प्लेगची साथ १८९८ च्या जानेवारीतही इलाख्यात चालूच होती. २२ जून १८९७ रोजी पुण्यात रँड यांच्यावर हल्ला झाला होता. रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक राजद्रोहाच्या खटल्यात शिक्षा होऊन तुरुंगात होते. वेदकालाच्या निर्णयासाठी संपातबिंदूच्या चलनाचा आधार घेणारा 'ओरायन' हा ग्रंथ त्यांनी १८९३ मध्ये प्रसिद्ध केलेला होता. खगोलशास्त्राचा इतिहासाशी संबंध जोडणारा हा विद्वान कोठडीत असताना त्याच्या जन्मजिल्ह्याच्या किनाऱ्यावर ब्रिटिश नौसैनिक सूर्याचे वेध घेत होते. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा त्या वेळी रत्नागिरीतच नजरकैदेत होता.

दुसरे नाव शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचे. दापोली तालुक्यातील मुरूड हे त्यांचे जन्मगाव. 'भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास' हा त्यांचा ग्रंथ १८९६ मध्ये प्रकाशित झाला आणि आजही त्याला पर्याय निर्माण झालेला नाही. ग्रहणानंतर तीनच महिन्यांनी, एप्रिल १८९८ मध्ये, वयाच्या पंचेचाळिशीच्या आतच त्यांचे निधन झाले. ज्योतिर्गणिताच्या क्षेत्रात रत्नागिरी जिल्ह्याने जगाला काय दिले, असा प्रश्न विचारला तर प्रामाणिक उत्तर दीक्षित हे आहे. हेलियमच्या गौरवगाथेत त्यांचे नाव सहसा येत नाही, याचे नवल वाटते.

असेच विस्मरण कावसजी दादाभाई नेगमवाला यांच्या वाट्याला आले. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात उभ्या राहिलेल्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे ते संचालक होते. तेथील वीस इंची दुर्बीण त्या काळी भारतातील सर्वांत मोठी होती. १८९८ च्या ग्रहणासाठी नेगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे तळ ठोकला. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे पथकही तेथेच होते. पुलगाव, तळणी, शहडोल, बक्सर येथे युरोपीय पथके होती. एका भारतीय प्राध्यापकाने स्वतःच्या नेतृत्वाखाली घेतलेल्या या वेधांचा अहवाल १९०२ मध्ये मुंबईत छापला गेला. १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. महाराष्ट्रातील महाविद्यालयीन विज्ञानाच्या इतिहासात जेऊरचे हे प्रकरण सुवर्णाक्षरांनी लिहावे असे आहे. पण जेऊरला कोणी दिन साजरा करीत नाही.

आणखी दोन आख्यायिका

विजयदुर्गाच्या बाबतीत प्रचलित असलेल्या इतर विधानांनाही हाच निकष लावता येईल. किल्ल्याच्या नावाची व्युत्पत्ती सांगताना, छत्रपती शिवाजी महाराजांनी १६५३ मध्ये, विजय संवत्सरात, घेरिया जिंकून त्याचे नाव विजयदुर्ग ठेवले, असे सांगितले जाते. गणित करून पाहिल्यास शके १५७५ चे संवत्सर खरोखरच 'विजय' येते. शकात १२ मिळवून ६० ने भागल्यास बाकी २७ उरते आणि सत्ताविसावे संवत्सर विजय हेच आहे. परंतु गणित जुळले म्हणून इतिहास जुळतोच असे नाही. जावळी महाराजांच्या ताब्यात आली ती १६५६ मध्ये, कल्याण-भिवंडी १६५७ मध्ये. दक्षिण कोकणातील त्यांची मोठी मोहीम १६६१ मधील आहे. त्याआधी आठ वर्षे आदिलशाहीच्या दक्षिण कोकणातील हा बळकट जलदुर्ग त्यांच्याकडे होता, हे या घटनाक्रमात बसविणे अवघड जाते. संवत्सराचे नाव किल्ल्याच्या नावाशी जुळते हे पाहून साल मागाहून काढले गेले असण्याचा संभव येथेही नाकारता येत नाही.

दुसरी आख्यायिका समुद्रातील भिंतीची. किल्ल्याजवळ पाण्याखाली दगडी बांधकाम असल्याचे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या सागरी पुरातत्त्वज्ञांनी केलेल्या पाहणीत नोंदविले गेले आहे. त्याची लांबी सुमारे १२२ मीटर सांगितली जाते. शत्रूची गलबते त्यावर आपटून फुटावीत यासाठी ही भिंत बांधली, हे लोकप्रिय स्पष्टीकरण. १७२० मधील इंग्रजांचा आणि १७२४ मधील डचांचा हल्ला अयशस्वी ठरला, ही वस्तुस्थिती त्याला पूरक म्हणून दिली जाते. मात्र फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांचे आरमार बंदरात शिरले, तुळाजी आंग्र्यांचा ताफा जाळला गेला आणि किल्ला पडला, तेव्हा भिंतीने काय केले, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. भिंत आहे. ती कोणी, केव्हा आणि कोणत्या हेतूने बांधली, हे सांगणारा समकालीन कागद पुढे आलेला नाही.

१८ ऑगस्टचा दुसरा वारसा

१८ ऑगस्ट हा दिवस विज्ञानदिन म्हणून साजरा करणारा एक देश आहे. थायलंड. सयामचा राजा मोंगकुट याने १८६८ च्या या ग्रहणाचे गणित स्वतः केले, वाहकोआ या किनाऱ्यावरील ठिकाणी छावणी उभारली, युरोपीय पाहुण्यांना बोलाविले आणि ग्रहण आपल्या गणिताप्रमाणे झाल्याचे सर्वांना दाखविले. त्या दलदलीच्या प्रदेशात त्याला हिवतापाने गाठले व १ ऑक्टोबर रोजी त्याचा मृत्यू झाला. तेथील उत्सवामागे अहवाल आहेत, साक्षीदार आहेत. याच काळात महाराष्ट्रात केरो लक्ष्मण छत्रे यांनी नाविक पंचांगाच्या आधारे शुद्ध गणिताचे पंचांग सुरू केले होते आणि जुन्या-नव्या पंचांगांचा वाद पेटला होता. ग्रहण हा तेव्हा गणिताच्या खरेपणाची जाहीर परीक्षा घेणारा प्रसंग असे. १८६८ च्या ग्रहणाचे मराठी मुलखाशी असलेले नाते शोधावयाचे तर ते या वादात शोधावे लागेल.

जुलै २०२५ मध्ये विजयदुर्गाचा समावेश 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नामाभिधानाने जागतिक वारसा यादीत झाला. रत्नागिरी जिल्ह्यातील सुवर्णदुर्गही त्याच यादीत आहे. यापुढे किल्ल्यावर लागणारे फलक देशोदेशींचे अभ्यासक वाचतील. १८६८ हे साल लिहिलेला फलक पाहून त्यांपैकी एखादा हसेल, आणि त्या हसण्यात १८९८ ची खरी घटनाही वाहून जाईल. स्थानिक अभिमानाला धक्का लागेल म्हणून मौन पाळणाऱ्यांनी हा धोका विचारात घेतलेला दिसत नाही. ऑगस्ट २०२० मध्ये अतिवृष्टीत किल्ल्याच्या तटाचा काही भाग ढासळला होता. कट्टेही ऊन-पावसात उघडेच आहेत.

या कट्ट्यांचे शास्त्रशुद्ध मोजमाप हे एखाद्या महाविद्यालयाच्या इतिहास आणि भौतिकशास्त्र विभागांनी मिळून करण्यासारखे काम आहे. १८६८ चे ग्रहण विजयदुर्गावर सकाळी, पूर्वेच्या आकाशात झाले असणार. १८९८ चे मध्यान्हाच्या सुमारास, सूर्य दक्षिणेला पन्नास अंशांहून अधिक उंचीवर असताना झाले. चौथऱ्यांची रचना कोणत्या सूर्यासाठी केली आहे, हे होकायंत्र आणि फीत घेऊन तपासता येईल. एक सावधगिरी मात्र बाळगावी लागेल. फिरत्या आरशाने सूर्यकिरण आडव्या कॅमेऱ्यात सोडण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झालेली होती. अशा उपकरणाचा चौथरा सूर्याच्या दिशेने बांधलेला असेलच असे नाही. म्हणून मोजमापे रॉयल सोसायटीने छापलेल्या अहवालातील उपकरणांच्या वर्णनाशी ताडून पाहावी लागतील, आणि त्यासाठी तो अहवाल जवळ ठेवूनच किल्ल्यावर जावे लागेल.